‘आय डोन्ट बिलीव्ह यू’ म्हटल्यावर समोरचा दुखावला का?

अर्धविराम:

नमस्कार. माझे रोजचे काम इंग्रजीतूनच चालते आणि व्याकरणाच्या ढोबळ चुका आता फारशा होत नाहीत, तरीही विश्वास आणि अविश्वास व्यक्त करताना मी एकाच आठवड्यात दोनदा तोंडघशी पडले, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिला प्रसंग ऑनलाइन बैठकीतला आहे. तीन दिवसांचे काम आपण एका रात्रीत संपवल्याचे एका परदेशी सहकाऱ्याने सांगितले. मला त्याचे कौतुकच करायचे होते. ‘काय सांगतोस, विश्वासच बसत नाही!’ हे मनात आले आणि तोंडून निघाले, ‘आय डोन्ट बिलीव्ह यू.’ तो क्षणभर पडद्यावरून माझ्याकडे नुसता बघत राहिला. बैठक संपल्यावर दहा मिनिटांत त्याचा ईमेल आला. फाइल किती वाजता उघडली आणि किती वाजता जतन केली, याच्या सगळ्या नोंदी त्याने पुराव्यादाखल जोडल्या होत्या.

दुसरा प्रसंग लेखी आहे. हिशेबाच्या एका तक्त्यात चूक असावी अशी शंका आल्याने मी लिहिले, ‘आय डाउट देअर इज ॲन एरर इन द थर्ड कॉलम.’ त्यावर ‘थँक्स, गुड टु नो’ एवढेच उत्तर आले आणि तक्ता आहे तसा पुढे गेला.

बिलीव्ह म्हणजे विश्वास ठेवणे आणि डाउट म्हणजे शंका, असेच आपण शिकलो. मग नेमके चुकले कुठे?

शब्दखोड:

तुमच्या पहिल्या प्रसंगाचे उत्तर मराठीतल्याच दोन क्रियापदांत आहे. ‘विश्वास बसत नाही’ या वाक्यात विश्वास आपणहून बसतो किंवा बसत नाही. त्यात ऐकणारा काही ठरवून करत नाही आणि सांगणाऱ्यावर आरोपही होत नाही. ‘विश्वास ठेवत नाही’ म्हटले की मात्र तो ऐकणाऱ्याचा निर्णय ठरतो. इंग्रजीत या दोन्हींसाठी क्रियापद एकच असल्यामुळे हा फरक ‘कान्ट’ आणि ‘डोन्ट’ यांच्यावर पडतो. ‘आय कान्ट बिलीव्ह इट’ म्हणजे विश्वास बसत नाही, आणि ‘आय डोन्ट बिलीव्ह यू’ म्हणजे मी तुझ्यावर विश्वास ठेवत नाही, थोडक्यात तू खोटे बोलतो आहेस. तुम्ही बसण्याच्या जागी ठेवणे वापरलेत, म्हणून त्या बिचाऱ्याने पुरावे पाठवले.

गंमत अशी की ‘आय कान्ट बिलीव्ह इट’ म्हणणाऱ्याला ती गोष्ट खरी असल्याचे पक्के माहीत असते, किंबहुना खरी आहे म्हणूनच तो चकित झालेला असतो. जी. ई. मूर या तत्त्वज्ञाने 1940 च्या दशकात ‘पाऊस पडतो आहे, पण तो पडतो आहे असे मी मानत नाही’ या धर्तीच्या वाक्यांतला विचित्रपणा दाखवला होता. त्यात व्याकरणाची चूक नाही, तरी शहाणा माणूस असे बोलणार नाही. पण खिडकीतून बाहेर पाहत ‘आय कान्ट बिलीव्ह इट्स रेनिंग’ म्हटले तर कोणालाच वावगे वाटत नाही, कारण हे वाक्य रूपाने अविश्वासाचे असले तरी अर्थाने आश्चर्याचे आहे.

यातही कर्माकडे लक्ष असू द्या. ‘इट’ घटनेकडे बोट दाखवते आणि ‘यू’ माणसाकडे. ‘आय कान्ट बिलीव्ह यू!’ असे चिडून म्हटले तर ‘तू असा कसा वागू शकतोस’ असा तो संताप असतो, म्हणजे ‘कान्ट’ वापरले की सुटलो, असेही नाही. ‘आय बिलीव्ह यू’ म्हणजे तुझे हे सांगणे मी खरे मानतो, तर ‘आय बिलीव्ह इन यू’ म्हणजे तुझ्या कुवतीवर माझा भरवसा आहे. आपल्या ‘तुझ्यावर’मुळे पुष्कळ जण ‘बिलीव्ह ऑन यू’ म्हणतात. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘बिलीव्ह ऑन’ आढळते, पण आज बोलताना ते खटकेल. ‘आय ॲम नॉट बिलीव्हिंग’ हे तर टाळाच. हे क्रियापद मनाची स्थिती सांगते आणि ते सहसा चालू काळात वापरत नाहीत.

उलटतपासणी:

दुसऱ्या प्रसंगात तुम्ही लिहिलेल्या वाक्याचा अर्थ तुमच्या मनातल्या अर्थाच्या थेट उलट झाला. मराठीत ‘चूक आहे अशी शंका आहे’ म्हणजे चूक असावी. इंग्रजीत ‘आय डाउट देअर इज ॲन एरर’ म्हणजे चूक असेल असे मला वाटत नाही. ‘तक्ता तपासला, चूक दिसत नाही’ असा अर्थ घेऊन त्यांनी तुमचे आभार मानले आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच होते. मराठीतली शंका दोन्ही दिशांना जाते. ‘तो येईल की नाही शंकाच आहे’ मध्ये ती नसण्याकडे झुकते, आणि ‘त्यानेच पैसे घेतले अशी शंका आहे’ मध्ये असण्याकडे. इंग्रजीत पहिलीला डाउट आणि दुसरीला सस्पेक्ट, अशी वाटणी झालेली आहे. वाक्य लिहिण्यापूर्वी मनातल्या मनात ‘असावे’ म्हणून पाहावे. ते जुळले तर सस्पेक्ट, आणि ‘नसावे’ जुळले तर डाउट. मी अजूनही असेच करतो.

तुम्हाला दिलासा म्हणून सांगतो, जुन्या इंग्रजी लेखनात डाउट हा शब्द ‘असावे’, ‘भीती वाटते’ या अर्थानेही येतो आणि स्कॉटलंडच्या बोलीत तो अर्थ आजही टिकून आहे. पण तुमचा ईमेल तिकडे गेलेला दिसत नाही.

डाउटच्या नातलगांपासूनही सावध राहावे. ‘नो डाउट’ हे आपल्याला ‘निःसंशय’ वाटते, पण बोलताना ते बरेचदा ‘असेलही’ इतकेच सौम्य असते: ‘नो डाउट ही मीन्स वेल, बट...’ असे म्हणून पुढे तक्रारच येते. खरे निःसंशय सांगायचे असेल तर ‘देअर इज नो डाउट दॅट’ असे पूर्ण वाक्य घ्यावे. ‘शुअरली’ तर आणखी फसवा आहे. आपण तो ‘नक्की’ म्हणून वापरतो आणि ‘आय विल शुअरली कम’ लिहून मोकळे होतो, परंतु ‘शुअरली यू आर नॉट गोइंग आउट लाइक दॅट?’ यात तो ‘असा बाहेर जाणार नाहीस ना तू?’ या अर्थाने, म्हणजे जवळजवळ अविश्वासाने आला आहे. नक्की म्हणायचे असेल तर ‘डेफिनेटली’ बरा.

जुना_वाचक:

शब्दखोड यांचे बसणे आणि ठेवणे पटले, तरी तो नियम इतका ताठ नाही, असे माझे मत आहे. जवळची दोन माणसे हसत, शब्द लांबवत ‘आय डोन्ट बिलीव्ह यू!’ म्हणतात तेव्हा कोणी दुखावत नाही, कारण आपणही मित्राला ‘चल, थापा मारू नकोस’ म्हणतोच. अनोळखी किंवा केवळ कामापुरत्या ओळखीच्या माणसाला, सपाट आवाजात, पडद्याआडून तेच वाक्य म्हटले की आरोप होतो. ‘रिअली?’ या एका शब्दाचे पाहा. सूर वर गेला तर ‘खरंच?’, आणि खाली पडला तर ‘हो का, बरं’. आपले ‘हो का’सुद्धा याच दोन तऱ्हांनी वागते.

ऐकीव गोष्टीपासून अंतर राखण्यासाठी मराठीत ‘म्हणे’ आहे. ‘तो आजारी आहे म्हणे’ या वाक्यात बातमीही पोहोचते आणि तिची जबाबदारीही अंगावर येत नाही. इंग्रजीत नुसते ऐकून सांगायचे असेल तेव्हा ‘ॲपरंटली’ आणि आपला विश्वास नाही असे सुचवायचे असेल तेव्हा ‘सपोजेडली’ येते. ‘ही इज सपोजेडली इल’ म्हटले की आजाराबद्दलचा संशय लगेच जाणवतो. या दोन्ही छटा आपण एकट्या ‘म्हणे’मध्ये केवळ आवाजाने भागवतो.

जाता जाता थोडे अवांतर. आपली ‘श्रद्धा’ आणि लॅटिनमधले ‘क्रेडो’, म्हणजे ‘मी मानतो’, हे एकाच मूळ धातुसमूहातून आलेले आहेत. इंग्रजीतले क्रेडिट, क्रेडिबल आणि इन्क्रेडिबल हे त्या लॅटिन घराण्यातले. बिलीव्हचे घराणे जर्मॅनिक आहे आणि त्याचे मूळ ‘प्रिय असणे’ या अर्थाशी, म्हणजे ‘लव्ह’ या शब्दाशी जोडलेले आहे.

शब्दखोड:

आवाजाचा मुद्दा मान्य आहे. मी लेखी वाक्य डोळ्यांसमोर ठेवून लिहिले होते.

खरोखरच विश्वास नसेल आणि तो भांडण न करता सांगायचा असेल, तर माणसाला बाजूला ठेवून गोष्टीबद्दल बोलावे: ‘आय फाइंड दॅट हार्ड टु बिलीव्ह’. ‘आय विल टेक युअर वर्ड फॉर इट’ म्हणजे मी पडताळलेले नाही, पण तुमच्या शब्दावर मानतो. ‘इफ यू से सो’ मात्र जपून वापरा. त्यात ‘तुम्ही म्हणता तर असेल बापडे’ असा कुचकटपणा डोकावतो. ब्रिटिश मंडळी थापेबाजाला ‘पुल द अदर वन, इट्स गॉट बेल्स ऑन’ म्हणतात, म्हणजे हा पाय ओढून झाला, आता घुंगरे बांधलेला दुसरा ओढ. ऐकून ओळखता आले की पुरे. आपण म्हणायला जाऊ नये.

अर्धविराम:

सर्वांचे मनापासून आभार. सहकाऱ्याला मी आज लिहिले की मला ‘आय कान्ट बिलीव्ह हाऊ फास्ट यू वर’ असे म्हणायचे होते. त्याने हसरा चेहरा पाठवला आणि आपण रात्रभर उगाच चिडून होतो, असेही लिहिले. तक्त्यासाठी ‘आय सस्पेक्ट देअर इज ॲन एरर इन द थर्ड कॉलम’ असा दुरुस्तीचा ईमेल तयार केला आहे. की ‘आय ॲम अफ्रेड देअर इज ॲन एरर’ अधिक नम्र होईल?

उलटतपासणी:

‘आय ॲम अफ्रेड’ने नम्रता येईल, पण शंका उरणार नाही, चूक आहेच, आणि हे सांगावे लागत असल्याबद्दल दिलगीर आहे, असा त्याचा अर्थ होईल. चूक तुम्ही स्वतः मोजून पाहिली असेल तर तेच लिहा. अजून पाहिली नसेल तर सस्पेक्ट राहू द्या, आणि पाठवण्यापूर्वी रकाना तिसराच आहे ना, तेवढे एकदा बघा.