खवलेमांजर, पाणमांजर, उदमांजर: यात मांजर कुठंय?

मी मुलांसाठीच्या प्राण्यांच्या माहितीपुस्तकांचं संपादन करते. सध्या सहा ते नऊ वयाच्या मुलांसाठीचं एक पुस्तक हातात आहे आणि त्यातल्या एका पानावर चार दिवस अडले आहे. पान खवलेमांजराचं. लेखकाचं पहिलं वाक्य असं: 'खवलेमांजर हे मांजर नाही.' कच्चा मजकूर मी सात वर्षांच्या भाचीला वाचून दाखवला. तिनं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग त्याला मांजर कोण म्हणालं?"

प्रश्न रास्त आहे. चित्रात कपाळापासून शेपटीच्या टोकापर्यंत खवलेच खवले. मांजर तिला दिसलंच नव्हतं. तिनं न केलेली चूक आपण आधी तिच्या डोक्यात घातली आणि लगेच खोडायला बसलो. बिचाऱ्या प्राण्याबद्दल काही सांगायच्या आत पहिली ओळ संपली.

पुढच्याच पानांवर पाणमांजर आणि उदमांजर आहेत. खवलेमांजराला दात नसतात, लांब चिकट जिभेनं ते मुंग्या आणि वाळवी टिपतं. पाणमांजर हनी बॅजर आणि मार्टेन यांच्या कुळातलं. उदमांजराचं कूळ वेगळं, मांजरांच्या त्यातल्या त्यात जवळचं, पण मांजर नव्हेच. तिन्ही पानांवर 'हे मांजर नाही' असं लिहायचं का? की नावच बदलायचं? आमच्याकडे एक मत असं आहे की सरळ 'पँगोलिन' लिहावं. मला ते रुचत नाही, पण का रुचत नाही हे नीट मांडता येत नाहीये. तुम्ही काय कराल?

प्रतिसाद

नाव बदलू नका, ही कळकळीची विनंती. मात्र मुलीच्या प्रश्नाचं मूळ व्याकरणात आहे, ते आधी बघायला हवं.

मराठीत जोडशब्दाचा शेवटचा भाग बहुधा मुख्य असतो. रानमांजर हे खरोखर मांजरच आहे, रानात राहणारं. रानडुक्कर हे डुक्करच. मूल हा साचा बोलता बोलता शिकतं, त्याला कुणी शिकवत नाही. मग त्याच साच्यातलं खवलेमांजर समोर आलं की 'खवले असलेलं मांजर' असाच अर्थ ते लावणार. मूल चुकत नाही, भाषेचा नियम बरोबर चालवतं. चुकतो तो आपला अंदाज, की हे त्याला आपोआप कळेल.

ही नावं ज्यांनी ठेवली त्यांना कूळ सांगायचंच नव्हतं. अंधारात काहीतरी सरकन गेलं, केवढं होतं? मांजराएवढं. कसं होतं? अंगावर खवले. झालं नाव. इथं 'मांजर' हे माप आहे. पाणकोंबडी कोंबडी नाही आणि पाणघोडाही घोडा नाही. पाणघोड्याचे आजचे सर्वांत जवळचे नातलग तर देवमासे आहेत, जे स्वतः मासे नाहीत! 'हिप्पोपोटॅमस' हे नावही ग्रीकमधलं, अर्थ 'नदीतला घोडा'. म्हणजे ओळखीच्या प्राण्यावरून अनोळखी प्राण्याला नाव देणं ही काही आपलीच खोड नाही.

आणि 'पँगोलिन' घेऊन तरी काय साधणार? तो मलय भाषेतला शब्द, अंगाची गुंडाळी करणाऱ्याला उद्देशून. मलय माणसाला त्यात प्राणी दिसतो. आपल्या मुलाला त्या चार अक्षरांत काहीच दिसत नाही. खवलेमांजरात निदान खवले तरी दिसतात.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला जोड. उदमांजराच्या पानावर चित्र स्वतः तपासून घ्या. हिंदीत 'ऊदबिलाव' म्हणजे पाणमांजर. संस्कृतात पाणमांजराला 'उद्र' म्हणतात आणि 'उद' म्हणजे पाणी, तेव्हा हिंदी शब्दाचा अर्थ उघड आहे. मराठीत मात्र 'उदमांजर' म्हटलं की झाडावर चढणारा, फळं खाणारा तो निशाचर प्राणी. हिंदीवरून मराठी करताना ऊदबिलावाचं सरळ उदमांजर होतं. तोंडात मासा धरलेल्या पाणमांजराखाली 'उदमांजर' छापलेलं मी पाहिलंय. मोठ्या माणसाच्या पुस्तकात अशी चूक एखादा वाचक पकडतो. लहान मूल ती तशीच आयुष्यभर जवळ ठेवतं.

प्रतिसाद

मी प्राथमिकच्या वर्गाला शिकवते. मला नावांपेक्षा जास्त छळतं ते लिंग. एकदा मुलांना 'एका प्राण्याचं कुटुंब' काढायला सांगितलं. एका मुलानं मोठा काळा मुंगळा आणि बारीक लाल मुंगी काढली आणि खाली लिहिलं, 'बाबा मुंगळा, आई मुंगी'. त्याला दुरुस्त करायला गेले तर मलाच शब्द सापडेनात. मुंगळा आणि मुंगी हे नर-मादी नाहीत, मुंग्यांच्या वेगळ्या जाती आहेत. शिवाय रांगेतून चाललेल्या कामकरी मुंग्या साऱ्या माद्याच, आणि मुंगळाही त्याला अपवाद नाही. म्हणजे 'तो मुंगळा चालला' या वाक्यातला 'तो' सुद्धा मादीच! पाल आणि सरडा यांचीही मुलं अशीच जोडी लावून देतात.

मराठीत प्राण्याचं नाव उच्चारलं की त्याबरोबर तो, ती किंवा ते येतंच. क्रियापदही वळतं. मोठ्यांना ते नुसतं व्याकरण वाटतं, मुलांना ती माहिती वाटते. 'डास चावतो' हे आपण रोज बोलतो, पण रक्त पिते ती फक्त मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर बिचारा फुलांतल्या मधुरसावर जगतो.

सगळ्यात जास्त घोळ कोकिळेचा. कवितांतून आणि गाण्यांतून 'कोकिळा गाते' इतकं मुरलंय की माहितीपुस्तकांतही काळ्याभोर पक्ष्याच्या चित्राखाली 'कोकिळा' छापतात. काळा असतो तो नर, आणि वरच्या पट्टीत चढत जाणारी ती 'कुहू' त्याचीच. मादी तपकिरी, अंगभर पांढरट ठिपके, आवाज तुटक 'किक् किक्'. मुलांना हे सांगितलं की ती चकित होतात आणि दुसऱ्या दिवशी झाडावर शोधायला जातात. कवितेला मी हात लावणार नाही, पण माहितीच्या पुस्तकात कोकीळ गातो, असंच हवं.

मूळ लेखिका

मुंगळ्याचं उदाहरण वाचून थांबलेच. आमच्या पुस्तकात डासाच्या पानावर 'मादी डास चावतो' असं वाक्य आहे आणि ते कानाला का खटकतंय हे आत्ता कळलं. 'मादी डास चावते' केलं तरी डास पुल्लिंगी आहेच, वाक्य लंगडतं. 'डासाची मादी चावते' म्हटलं की कर्ता मादी होतो आणि क्रियापद निमूट जागेवर बसतं. तसंच 'नर घार' ऐवजी 'घारीचा नर'. षष्ठीचा एक प्रत्यय लावला की काम झालं. 'मादी', 'नर' हे शब्द विशेषणासारखे आधी लावायची सवय भाषांतरातून आली असावी. मराठीचा स्वतःचा रस्ता हा आहे.

समुद्रघोड्याच्या पानावर याचा लगेच उपयोग झाला. पिल्लं नराच्या पोटावरच्या पिशवीत वाढतात. आधीचं वाक्य होतं 'समुद्रघोडा पिल्लांना जन्म देतो', आणि मूल म्हणणार, घोडा म्हटल्यावर 'देतो' असंच म्हणणार ना! आश्चर्य वाटावं अशी गोष्ट व्याकरणात बुडून गेली होती. आता 'समुद्रघोड्याची मादी अंडी नराच्या पिशवीत सोडते, आणि पिल्लं बाहेर येतात ती बाबांच्या पोटातून' असं केलंय. 'बाबा' शब्दावर आमच्याकडे वाद होईल, पण तो मी लढवणार आहे.

ज्यांच्या नावालाच 'ते' लागतं, म्हणजे अस्वल, कासव, वटवाघूळ, तरस, फुलपाखरू, त्यांच्या बाबतीत लिहिणाऱ्याचं नशीब चांगलं.

प्रतिसाद

'विषारी' या शब्दाचंही बघा. साप विषारी, बेडूक विषारी, मासा विषारी, सुरवंट विषारी. मुलाला यातून काय कळतं? हात लावू नये एवढंच. पण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या आहेत. नाग चावतो तेव्हा दातातून विष टोचतो. दक्षिण अमेरिकेतले छोटे रंगीत बेडूक काही टोचत नाहीत, त्यांच्या कातडीतच विष असतं आणि ते खायला जाणाऱ्याला बाधतं. फुगणाऱ्या माशाचंही तसंच, तो खाल्ला तर बाधतो.

जुन्या मराठीत 'विख' आणि 'विखार' होते. टोचणाऱ्या प्राण्यासाठी 'विखारी' वापरावं, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. आज 'विखारी' ऐकलं की माणसाची जीभ आठवते, टीका आठवते. शब्दाचा तो अर्थ आता पुसता येणार नाही. त्यापेक्षा विशेषण सोडावं आणि क्रियापद घ्यावं. 'हा साप चावून विष टोचतो.' 'हा बेडूक खाल्ला तर विष बाधतं.' दोन्ही वाक्यं सहा वर्षांच्या मुलाला कळतात, आणि कोण काय करतं हेही कळतं. जपानमधला एक साप तर भेक खातो आणि त्यांचं विष आपल्या मानेजवळच्या ग्रंथींत साठवून ठेवतो, वर त्याच्या स्वतःच्या दातांचं विष निराळंच. 'विषारी साप' एवढं लिहून या प्राण्याला न्याय कसा द्यायचा?

'हिंस्र'ला तर माहितीपुस्तकात जागाच देऊ नये. वाघ शिकार करतो, तेवढं पुरे.

प्रतिसाद

एक लहानशी दुरुस्ती, हत्तीच्या पानासाठी. 'हत्तीचे सुळे' असं आपण सर्रास म्हणतो. पण सुळा म्हणजे पटाशीच्या दातांशेजारचा टोकदार दात. हत्तीचे ते लांब दात म्हणजे वरच्या जबड्यातले पटाशीचे दात, वाढत वाढत बाहेर आलेले. खरे सुळे बाहेर आलेले बघायचे तर रानडुकराचे किंवा वॉलरसचे बघा. पुस्तकात 'हस्तिदंत' लिहिलं तरी चालेल, मात्र मुलाला आपल्या समोरच्या दोन दातांना बोट लावून बघायला सांगा. हत्तीचे हेच दात, हे कळल्यावर ते विसरणार नाही.

प्रतिसाद

'नामशेष' या शब्दावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. नाव तेवढं शेष. मराठीतला इतका नेमका आणि इतका उदास शब्द मुलांना फोडून सांगायलाच हवा. डोडो नामशेष झाला, नाव उरलं, पक्षी नाही. अलीकडे मात्र तो 'लुप्त'च्या जागीही वापरतात आणि ते मला बरोबर वाटत नाही. लुप्त म्हणजे दिसेनासा झालेला. सीलाकँथ हा मासा डायनासोरांच्या काळाबरोबरच संपला असं सगळे समजत होते. १९३८ साली तो दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जिवंत सापडला. तो लुप्त होता. नामशेष परत येत नाही, लुप्त येऊ शकतो. एवढा फरक आपल्याकडे तयार असताना दोन्हींना एकच शब्द का वापरायचा?

मूळ लेखिका

'लुप्त'बद्दल मनापासून आभार, ते पान आजच बदललं. हत्तीच्या पानावर दातांना बोट लावायची सूचनाही घेतली.

नाव खवलेमांजरच ठेवलंय. 'मांजर हे माप आहे' हे वाक्य वाचल्यावर मनातली अढी गेली. 'नाही'नं सुरुवात करायची नाही, एवढं ठरवून पान असं लिहिलंय:

'रात्र झाली की खवलेमांजर बिळातून बाहेर पडतं. आकारानं थोराड मांजराएवढं, म्हणून त्याचं हे नाव. अंगावर खवले, आणि ते बनलेत तुझ्या नखांसारख्याच पदार्थाचे. तोंडात एकही दात नाही. वारुळ उकरायचं, लांब चिकट जीभ आत घालायची, की मुंग्या जिभेला चिकटून येतात. पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी घट्ट धरून बसतं आणि तिच्याबरोबर फिरतं. कुणी जवळ आलं की आई अंगाचा गोळा करते, पिल्लू आत.'

काल रात्री भाचीला पुन्हा वाचून दाखवलं. मांजराचं नावही निघालं नाही. जिभेच्या ओळीपाशी तिनं मला थांबवलं, स्वतःची जीभ बाहेर काढून बोटानं मोजली आणि विचारलं, "एवढी लांब जीभ मग ते ठेवतं कुठे?"

उत्तर असं की ती आत छातीच्या पोकळीत जाते, तिचं मूळ पार शेवटच्या बरगड्यांपाशी असतं. हे वाक्य आता पानावर घेतेय. चित्रकाराला तेवढी एक जास्तीची आकृती काढायला सांगितली आहे.