कूलरच्या भिंतीवर रंग टिकत नाही, काय करावं?

मंडळी, मदत हवी आहे. प्रतापनगरला घर आहे, दिवाळीआधी आतून रंग द्यायचाय. बाकी खोल्यांचं टेन्शन नाही, प्लास्टिक पेंट ठरलाय. अडलंय ते बेडरूममधल्या कूलरच्या खिडकीखाली. उन्हाळाभर कूलर चालतो (नागपुरात दुसरा इलाज काय!) अन् तिथली पुट्टी पापडासारखी फुगून सुटते. खाली पांढरा खार, बोट लावलं की भुकटी. पेंटर म्हणतो, खरवडून डॅम्पप्रूफ मारू. पण ओल आतच असली तर वरचा कोटही फुगणारच ना? तेवढं प्लास्टर फोडून नवीन करावं, की भिंत वाळू देऊन सिमेंटची पुट्टी पुरेल? पावसाळ्यानंतर वाळायला किती दिवस द्यावे? कोणी हे निस्तरलं असेल तर सांगा. मजुरीचा स्क्वेअर फुटाचा दरही कळवा.