मदत हवी आहे: एफआय (फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कार्बोरेटर नसलेली) बाईक गरम झाली की पेट्रोल पिते, प्लग काळा, पण चेक इंजिन लाईट लागत नाही

मंडळी, बाबांची २०२१ ची १२५ सीसी बीएस-सिक्स गाडी आहे, मी रोज ओझरहून सातपूर एमआयडीसीला तीच नेतो. सकाळच्या थंडीत एका सेल्फला चालू होते, तिथे काही तक्रार नाही. पण आडगावपर्यंत इंजिन तापलं की सिग्नलला घुरघुरते, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि ॲव्हरेज ५५ वरून ४० वर आलंय. प्लग काढला तर नुसती काजळी, बोटं काळी झाली.

मेकॅनिकने थ्रॉटल बॉडी धुतली, इंजेक्टर साफ केला, एअर फिल्टर नवा टाकला, काहीच फरक नाही, आता म्हणतोय ऑक्सिजन सेन्सर बदला नाहीतर ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. एवढा खर्च अंदाजावर करायची माझी ऐपत नाही हो.

मला समजलंय ते असं, की कार्बोरेटरच्या गाडीला थंडीत जास्त पेट्रोल मिळावं म्हणून आपण चोक ओढायचो, इथे ते काम ईसीयू करतो, हवेचा दाब, थ्रॉटल किती उघडलाय, इंजिन किती तापलंय हे बघून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. म्हणून काल टेंपरेचर सेन्सरचा कपलर काढून मल्टिमीटर लावला. थंड असताना रेझिस्टन्स २.३ किलोओहम, २० किलोमीटर पळवून आल्या आल्या २.१. तापल्यावर हे खूप खाली यायला पाहिजे ना? म्हणजे गाडीचा चोक दिवसभर ओढलेलाच आहे का? आणि तसं असेल तर ऑक्सिजन सेन्सर का सावरत नाही, साध्या पेट्रोलला १४.७ किलो हवेमागे १ किलो पेट्रोल हे प्रमाण सांभाळायला तोच आहे ना?

उत्तर: दादा, बरोबर पकडलंस. इंजिन गरम झालंय असं कळेपर्यंत ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. लाईट लागत नाही कारण २ किलोओहम म्हणजे त्याच्या दृष्टीने थंड इंजिन, वायर तुटली असती तर लगेच कळलं असतं. सेन्सर खोलून त्याचं टोक उकळत्या पाण्यात धर, मीटर उतरला नाही तर तो गेला. ईसीयूला हात लावू देऊ नकोस.

पुन्हा मीच: आत्ता गॅसवर पाणी उकळून बघितलं, १.९ च्या खाली येईना. खूप आभार भाऊ, उद्या नवीन आणतो, पण बसवायच्या आधी तोही असाच पाण्यात बघून घेतो. आता एवढंच सांगा, तो बसवल्यावर ईसीयू रीसेट करावा लागतो की चालवता चालवता आपोआप जुळवून घेतो?