आवड वेगळी, शिकणं वेगळं

मूल बघून शिकतं की ऐकून, हे सांगणाऱ्या चाचणीत लेक 'बघून शिकणारी' निघाली म्हणून तिचं मोठ्याने वाचन बंद केलं, असं एका पालकांनी लिहिलंय. कृपया तसं करू नका. अशीच एक चाचणी म्हणजे शिक्षणतज्ज्ञ नील फ्लेमिंग यांची प्रश्नावली; तिच्यातून कळते ती कसं शिकायला आवडतं एवढीच आवड. आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त लक्षात राहतं, याला पुरेसा पुरावा मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांना संशोधनाच्या २००८च्या आढाव्यात सापडला नाही. कविता कानावर पडायलाच हवी, भूमितीला आकृती लागतेच; मूल कोणतंही असो.

माझा मुलगा दादर-अंधेरी लोकलमध्ये धडे ऐकतो, कारण त्या गर्दीत वही उघडताच येत नाही. घरी मात्र पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहायला लावते. कुरकुरतो खूप! पण पक्कं होतं ते त्यानेच. राहिलेलं पुन्हा वाचायचं, दोन दिवसांनी परत लिहायचं.