टिना फेचं 'बॉसीपँट्स' : तुम्हाला कुठे हसू आवरलं नाही?

आज ठाण्याला लेडीज डब्यात एक मुलगी चढली, कानात इअरफोन, एकटीच खुदुखुदु हसत होती, ओठ दाबून धरायची नि परत फुटायची. मला एकदम माझं बाळंतपण आठवलं. २०१२. लेक वीस दिवसांची, सिझरचे टाके, दूध पुरत नव्हतं आणि घरी येणारी प्रत्येक बाई त्यावरच बोलायची. बहिणीने या पुस्तकाचं ऑडिओबुक दिलेलं, अमेरिकन विनोदी अभिनेत्री-लेखिका टिना फेच्या आठवणी, तिने स्वतःच वाचलंय. लेकीला वरचं दूध दिलं हे ती सरळ सांगून टाकते आणि त्यावरून उपदेश करणाऱ्या आयांची अशी फिरकी घेते की मी टाक्यांवर उशी दाबून हसत होते. आई तव्यावर पोळी तशीच सोडून धावत आली, तिला वाटलं मी रडतेय. त्या दुपारी पावडरचा डबा उघडला आणि बाटली भरली, मनात काही न ठेवता. तुमचंही काही असेल तर लिहा ना.

---

अगं टाके असताना हसू नि शिंक, दोन्ही नको वाटायचं! मिठी तुला.

---

मला वडिलांवरचं प्रकरण. डॉन फे नुसते समोर आले तरी लोक वचकून असायचे. आमचे अण्णा डिट्टो. गॅलरीत येऊन उभे राहिले की खाली क्रिकेट बंद, बॉल आपोआप खिशात. जाऊन चार वर्षं झाली. ते वाचताना आधी खूप हसले, मग उठून त्यांचा फोटो पुसला.

---

इम्प्रोव्हचे, म्हणजे स्टेजवर ऐनवेळी संवाद रचत करायच्या नाटकाचे नियम!! समोरच्याचं आधी मान्य करायचं आणि वर आपली भर घालायची, 'हो, आणि...' कॉलेजच्या एकांकिकेत ऐन प्रयोगात लाईट गेले, मैत्रीण अंधारात म्हणाली बिल भरलं नाहीस ना, मी म्हटलं भरलं की, तुझ्या आईच्या बांगड्या विकून. काय टाळ्या पडल्या! तेव्हा याला नाव असतं हे माहीतच नव्हतं.

---

सेकंड सिटी या इम्प्रोव्ह करणाऱ्या विनोदी थिएटरचा भाग वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. शिकागोत नव्वदीत स्टेजवर चार पुरुष नि दोन बायका, तिसरी घेतली तर मुलींना भूमिका उरणार नाहीत म्हणे. अरे पण सगळा प्रयोग तुम्हीच रचताय, मग भूमिका कमी कशा पडतील? हेच ती विचारते. माझ्या जुन्या ऑफिसात साइटवर जायचं म्हटलं की ठरलेलं उत्तर, 'एक लेडीज आहे ना आधीच.' आणि ही बाई १९९९ला सॅटरडे नाईट लाईव्ह या अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाची पहिली स्त्री हेड रायटर झाली. मी ते पान फोटो काढून ठेवलंय, इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री वाचते.

---

+१. फोटो काढायची आयडिया घेतली.

---

मुखपृष्ठावर तिला पुरुषाचे केसाळ हात लावलेत ना, माझा मुलगा पाच वर्षांचा होता, घाबरून पुस्तक उशीखाली लपवायचा :))

---

हनिमूनच्या बोटीला आग लागते तो किस्सा कोणीच कसा नाही लिहिला? बर्म्युडाची क्रूझ! आम्ही नुसतं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालो होतो तर नवऱ्याने लाइफ जॅकेट सोडलं नाही.

---

विषयांतर, पण बाळंतपण निघालंच आहे तर, सुनेसाठी डिंकाचे लाडू करतेय आणि डिंक आतून कच्चा राहतोय. काय चुकतंय?

---

काकू, एकदम सगळा नका टाकू. मूठभरच, तूप भरपूर, आच मंद. फुलून हलका झाला की काढायचा. खडे मोठे असतील तर आधी कुटून घ्या.

---

काकू, लाडू झाले की तिला ऑडिओबुकही द्या. उशी जवळ ठेवायला सांगा.