मदत हवी आहे: आजोबांची शिंदळ माकुडी सडतेय

आमचे अण्णा, म्हणजे आजोबा, मार्चमध्ये गेले. जुन्नरला शाळामास्तर होते, पण जीव सगळा दुर्मिळ झाडांत. गच्चीवर तेलाच्या कापलेल्या डब्यांत त्यांनी शिंदळ माकुडी वाढवली होती. जाड, रसाळ फांद्यांचं झाड, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून 1865 साली वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलने हे नाव दिलं, हे अण्णा येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे, चहा नंतर. ही महाराष्ट्राबाहेर कुठे रानात सापडत नाही. शिवनेरीच्या कड्यावर मात्र आहे.

आता अडचण. चार डब्यांपैकी दोनांतल्या फांद्या बुडाशी काळ्या, मऊ पडल्यात. बोट लावलं की पाणी सुटतं. पावसात डबे उघड्यावर राहिले, चूक माझीच. अण्णा पत्रा टाकायचे, मला सुचलंच नाही.

वरची टोकं अजून हिरवी, टणक आहेत. एका फांदीला तर ते मखमली लालसर, पिवळ्या ठिपक्यांचं फूलही आलंय! टोकं कापून लावू का? चीक किती दिवस वाळू द्यायचा? मातीत मुरूम किती, वाळू किती? कोणी स्वतः वाढवली असेल तर कृपया लवकर सांगा. आजीला अजून काही बोललेलो नाही.