रेझिन हे निव्वळ भरताड नव्हे

बीओपीपी फिल्ममध्ये (पाकिटांसाठी वापरतात ती, दोन दिशांनी ताणलेली पॉलिप्रॉपिलिन प्लास्टिकची पातळ फिल्म) हायड्रोकार्बन रेझिन (पेट्रोलियमपासून बनवलेला राळेसारखा पदार्थ) केवळ खर्च वाचवण्यासाठी, भरताड म्हणून घालतात, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. हायड्रोजनीकृत (हायड्रोजनची प्रक्रिया केलेले) रेझिन पॉलिप्रॉपिलिनच्या अस्फटिकी भागात (जिथे रेणूंची नियमित रचना नसते) मिसळून त्याचे ग्लास ट्रान्झिशन तापमान (ज्याच्या खाली तो भाग काचेसारखा कडक होतो) वाढवते. त्यामुळे फिल्म अधिक ताठ होते आणि तिच्यातून पाण्याची वाफ कमी जाते. नाशिकच्या पावसाळ्यात चिवड्याच्या पाकिटाला नेमके हेच हवे असते (प्राणवायू अडवायला मात्र वेगळा थर लागतोच). रेझिनचे प्रमाण वाढले की फिल्म ठिसूळ होते, ही तक्रार मात्र रास्त आहे.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या लहान कारखानदारांसाठी एक भर घालतो: शुद्ध रेझिन थेट हॉपरमध्ये (यंत्रात कच्चा माल ओतायच्या नरसाळ्यात) टाकू नये, कारण बहुतेक प्रकार १०० ते १४० अंश सेल्सिअसला मऊ होतात, एक्स्ट्रूडरमध्ये (प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रात) माल शिरतो त्या तोंडाशीच चिकटतात आणि माल पुढे सरकत नाही, म्हणून ते पॉलिप्रॉपिलिनमधल्या मास्टरबॅचच्या (रेझिन आधीच दाट प्रमाणात मिसळलेल्या दाण्यांच्या) रूपातच घ्यावे.